हात लावू नये

"नको! हात लावू नकोस मला... लांब हो!"

शब्द तोंडातून निसटले आणि आईंना स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. समोर सूनबाई उभी होती. सहावा महिना, तळ्यावरच्या वाऱ्याने विस्कटलेले केस, आणि चेहऱ्यावर नुकतंच उमललेलं हसू जागच्या जागी थिजलेलं. "आई, हलतंय! बाहेरून कळतंय... बघा ना!" असं म्हणत ती व्हरांड्यातून आत आली होती आणि आईंचा हात आपल्या पोटाशी न्यायला पुढे झाली होती. आईंनी तो चटका बसावा तसा मागे खेचला होता.

"बरं," सूनबाई इतकंच म्हणाली. पुढे केलेला हात तिने सावकाश खाली घेतला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता, आणि ती आपल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर आईंना सोसलं असतं. ते अगदी हळू लागलं.

आई खिडकीपाशी बसल्या. डाव्या बरगडीखाली आग भडकली होती. पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यापर्यंत आलेला तो वेदनेचा पट्टा ओढलेल्या रेषेसारखा मध्यावरच थांबत होता. त्यांना तपासून घ्यायला कुणाची गरज नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काढली होती. गुरुवारी जळजळ सुरू झाली तेव्हा बॅग उचलताना स्नायू धरला असेल असं वाटलं. शनिवारी, म्हणजे आजच, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी न्हाणीघरातल्या आरशात तांबूस कातडीवर सात बारीक फोड दिसले, द्राक्षाच्या घोसासारखे एकमेकांना खेटून. नागीण! आणि बाहेर व्हरांड्यात, दोन वर्षांच्या दुराव्यानंतर, सून त्यांच्यासाठी चहा टाकत होती...

हा दुरावा एका आकड्यावरून आला होता.

दोन वर्षांपूर्वी सूनबाईचं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं. दवाखान्याच्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईंना तिला धीर द्यायचा होता, आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते असं होतं : "शंभरात पंधरा जणींचं असं होतंच गं." सूनबाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर आई विसरू शकल्या नव्हत्या. त्यानंतर सगळं रीतसर चालू राहिलं. फोन, वाढदिवस, नमस्कार. फक्त ती जवळ म्हणून कधी आली नाही. आणि या वेळी तिनेच नवऱ्याला सांगितलं होतं, "तळ्यावरच्या घरी आईंनापण घेऊन जाऊ या ना, तीन दिवस."

म्हणून आईंनी हिशेब केला. नागिणीवरचं औषध फोड आल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवं. बहात्तर तास मंगळवारी सकाळी सहा-दहाला संपत होते. परत निघायचं सोमवारी दुपारी. संध्याकाळी सहापर्यंत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. साठ तास. बसत होतं! तोवर सोसायचं. लागण हवेतून उडत नाही, फोडांतल्या पाण्यातून होते, तीही ज्याला कधी कांजिण्या आल्या नाहीत त्यालाच. पण गरोदर बाईला त्या झाल्या तर... त्यांनी फोड पट्टीने घट्ट झाकले, पेनाने लालीभोवती रेघ ओढून वेळ लिहिली, आणि मग लॅबमध्ये नळ्यांवर लावत तशा पांढऱ्या चिकटपट्ट्या कापून आपल्या कपावर, टॉवेलवर, खुर्चीच्या पाठीवर लावल्या : "माझे. हात लावू नये."

सगळं काटेकोर केलं होतं. फक्त सांगायचं तेवढं टाळलं होतं.

नाश्त्याच्या वेळी मुलगा हसला होता. "आई, खुर्चीलापण लेबल? उद्या मला लावशील!" सूनबाई हसली नव्हती. ती बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिली होती. आईंना ते दिसलं होतं, पण कळलं मात्र नव्हतं.

आता, दार हळूच लागल्यावर, मुलगा आत आला. लिफ्ट दुरुस्त करणारा हा शांत माणूस, ज्याचा आवाज कधी चढत नसे, तो आज समोर येऊन उभाच राहिला.

"आई, काय झालं हे? ती रडतेय."

"मला जरा बरं वाटत नाही रे. एकटं असू दे."

"दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट मी रोज सोडवतो गं. तुम्हा दोघींच्या मधे मीच अडकलोय, त्याला कुणाला बोलावू? ती म्हणते, यांचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, खुर्ची वेगळी. मी कोण परकी आहे का?... तिचं काय चुकलं, तेवढं सांग."

"तिचं काहीही चुकलेलं नाही!" आई आर्ततेने म्हणाल्या. पण त्यापुढे त्या बोलल्या नाहीत. साठातले अकरा तास सरले होते. आता बोललं तर तीन दिवसांचं हे इवलंसं सुख जायचं, ती घाबरायची, नाही नाही ते मनात आणायची... नको! आपण वाईट ठरलो तर ठरलो.

रविवारी सकाळी सूनबाईने बॅग भरली. तळ्यापलीकडच्या गावात जाणारी नाव दहाला सुटत असे. ती आईंच्या दाराशी आली, आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

"मी पुढे जातेय, आई. तो तुमच्याबरोबर थांबेल. स्वयंपाकघरात दूध तापवून ठेवलंय. आणि चुकून तुमचा टॉवेल काल मी घडी करून ठेवला. लेबल नंतर दिसलं. माफ करा."

टॉवेल! पट्टी बदलताना तो अंगाला लागला होता का? नसेल... पण 'नसेल' हा शब्द एकतीस वर्षांत त्यांनी एकाही रिपोर्टवर लिहिला नव्हता. वाईट ठरणं एक वेळ ठीक. पण हिच्या पोटातल्या जिवावर बेतलं तर? आता मौन म्हणजे त्याग नव्हे, गुन्हा ठरला असता.

"थांब! जाण्याआधी एकच सांग. तुला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

सूनबाईचे डोळे विस्फारले. "मी घर सोडून निघालेय, आणि तुम्हाला माझ्या आजारांची यादी हवीय?"

"हो, हवीय! कारण मला नागीण झालीय. कालपासून. म्हणून तुला लांब ढकललं गं... म्हणून ती लेबलं. तुझ्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. तू मला शिवू नयेस म्हणून!"

आईंनी कुशीवरचं कापड बाजूला केलं. पांढऱ्या पट्टीच्या कडेने निळी रेघ दिसत होती, आणि रेघेशी बारीक नीटस अक्षरांत लिहिलं होतं : शनि. ६.१०. तिच्या बाहेर दुसरी रेघ : रवि. ६.००.

सूनबाईच्या हातातली बॅग खाली टेकली. ती रुग्णवाहिकेचे फोन घेण्याच्या कामावर होती. रोज आठ तास ओरडणारी, रडणारी, धड वाक्य न जुळवता येणारी माणसं तिच्या कानाशी असत. आणि आईंनी पहिल्यांदाच पाहिलं, की ती कामावर कशी दिसत असेल. खांदे सरळ झाले, आवाज खाली आला.

"आता मी विचारेन तेवढंच सांगा. डोळ्याजवळ काही?"

"नाही. फक्त डावी बाजू, बरगडीखाली."

"ताप?"

"सकाळी नव्व्याण्णव पॉइंट चार."

"दुखतं किती? दहापैकी."

"...चार."

"आई."

"आठ," आई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. कालपासून कुणी विचारलंच नव्हतं!

"औषध कधी घेणार होतात?"

"उद्या संध्याकाळी. साठ तास होतात, बहात्तरच्या आत—"

"साठ तास! आठ दुखणं साठ तास अंगावर काढणार होतात, आणि वर माझ्या शिव्या खाणार होतात?" तिचा कामाचा आवाज तिथे मोडला. "अहो, ही कपाळावरची खळी कसली वाटली तुम्हाला? सहावीत कांजिण्या आल्या होत्या मला. तोंडभर! वार्षिक परीक्षा बुडली माझी."

भुवईच्या वर, केसांच्या रेषेजवळ, मसुराएवढी एक जुनी खळी होती. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षं ती तिथेच होती.

"इतक्या जवळून कधी बघितलंच नाही गं मी तुला," आई पुटपुटल्या.

पुढचा तासभर घर तिच्या ताब्यात होतं. तिने आपल्या आईला फोन लावून सहावीतल्या कांजिण्यांची खात्री करून घेतली, कामावरच्या सहकाऱ्याकडून पलीकडच्या गावातला रविवारी उघडा असलेला दवाखाना शोधला, नावाड्याला थांबवून धरलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "बघत काय बसलास? ही लिफ्ट नाहीये, बटण दाबून चालायला. आईंची चप्पल आण!" दहाची नाव दहा वाजून पाच मिनिटांनी निघाली. तिच्यात ते तिघेही होते.

डॉक्टर वयाने लहान होत्या. त्यांनी निळ्या रेघा पाहिल्या आणि चश्मा वर सरकवला. "हे कुणी केलं? असा रुग्ण मला रोज मिळाला तर मी सुट्टीवर जाईन." दिवसातून पाच गोळ्या, सात दिवस. फोड पट्टीने झाकलेले ठेवायचे, हात धुवायचे. आणि सूनबाईंना कांजिण्या होऊन गेल्यात म्हणजे काळजी नाही. तरी मनाच्या खात्रीसाठी त्यांचं रक्त तपासून घेऊ. पहिली गोळी आईंनी दवाखान्यातच घेतली. सवयीने घड्याळ पाहिलं : बारा वाजून दहा. तीस तास! बहात्तरच्या निम्म्याहून कमी. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला.

नावेची वाट बघत दोघी धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. मुलगा पाणी आणायला गेला होता. मध्ये एका माणसाची जागा सोडून आई बसल्या होत्या.

"त्या दिवशीचं तुला एक सांगायचं राहिलं," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "शंभरात पंधरा... तो आकडा मी पुस्तकातून नव्हता आणला. तुझ्या नवऱ्याच्या आधी माझं एक गेलं होतं. चौथ्या महिन्यात. घरात सगळे म्हणत होते, ही नोकरी करते ना, उभी राहते दिवसभर, म्हणून झालं. माझं चुकलं म्हणून गेलं, असंच मीही धरून चालले होते. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला तो आकडा सांगितला. शंभरात पंधरा, बाई, आणि तुमचा दोष शून्य. मी त्या आकड्यावर उभी राहिले गं... आयुष्यभर. माझ्याकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट होती ती. तुला द्यायला गेले, आणि अर्धीच दिली. दोष शून्य, हे म्हणायच्या आधी रडू आलं म्हणून मी बाहेर निघून गेले."

सूनबाईचे गाल ओले झाले होते. मग ती उठली आणि मधली ती एका माणसाची जागा भरून बसली, अगदी खेटून, उजव्या बाजूला, जिथे दुखत नव्हतं.

"कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारायला हवं होतं, आई."

सोमवारी दुपारी, सामान बांधून झालं तेव्हा, तिच्या फोनवर रिपोर्ट आला. मुलगा तो हातात घेऊन उघडणार, तेवढ्यात तिने त्याच्याकडून काढून घेतला आणि आईंपुढे धरला.

"तुम्ही वाचा."

"अगं, तूच बघ ना. सरळ लिहिलेलं असतं."

"नाही. आकडे मला तुमच्याच तोंडून ऐकायचेत."

आईंनी चश्मा लावला. एकतीस वर्षांत लाखभर आकडे त्यांनी कुणासाठी तरी लिहिले होते; तोंडाने मोठ्याने वाचायला कुणी बसवलं नव्हतं. कांजिण्यांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीचा आकडा हवा त्याच्या सहापट होता. त्यांनी तो वाचला, मग नीट उभं राहून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "पूर्ण संरक्षण. तुला धोका शून्य. बाळाला धोका शून्य!"

"शून्य!" सूनबाई ओरडली, आणि मुलाने हातातली बॅग तशीच टाकून दोघींना मिठी मारायला हात पसरले. "ए, हळू! डावी बाजू!" दोघी एकदमच किंचाळल्या, आणि तिघांनाही इतकं हसू आलं की आईंना बरगडी धरून खुर्चीवर बसावं लागलं.

तीच खुर्ची. पाठीवर अजून पांढरी पट्टी होती. सूनबाईने ती नखाने सोलून काढली, चुरगळली आणि खिडकीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग ती एकाएकी थबकली, पोटाकडे बघत.

"आई... हलतंय."

आईंनी हात धुतले. घाईघाईत नव्हे; कोपरापर्यंत, साबण लावून, शिकल्या होत्या तसे. कोरडे केले. आणि सूनबाईने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन हवा तिथे नेऊन ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून, तळहाताच्या मधोमध, एक ठाम, इवलासा ठोसा!

आईंची नजर मनगटाकडे गेली. सूनबाईने त्यांचं घड्याळ अलगद सोडवून टेबलावर पालथं ठेवलं.

नाव सुटायला किती वेळ उरला होता, कोण जाणे. आईंनी मोजला नाही.