माझी साक्ष नामंजूर

"वर बघा! अहो, लवकर वर बघा ना!"

रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसाची बाही मी चक्क धरून ओढली. माझ्या एका पायात चप्पल होती, दुसरी दुकानातच राहिली होती. त्या माणसानं वर बघितलं खरं, पण आधी बघितलं माझ्याकडे. चांगलं सावकाश! तेवढ्यात दोन छपरांमधल्या फटीत ढग सरकला आणि चंद्र गेला.

"काय होतं वर?" त्यानं विचारलं.

"तुमचं नशीब होतं. गेलं!" असं म्हणून मी पाय आपटत परत फिरले.

रमजानच्या आधीच्या महिन्याची ती एकोणतिसावी संध्याकाळ होती. चंद्र दिसला तर उद्यापासून रमजान, नाही दिसला तर परवापासून. दिवसभर आभाळ भरलेलं, त्यामुळे अख्ख्या गावात कुणालाही तो दिसला नव्हता. दिसला फक्त मला. अशा ढगाळ दिवशी एका माणसाची साक्षही पुरते, म्हणून मी अब्बांना घेऊन तडक चाँद समितीच्या कचेरीत गेले. आणि बघते तर काय... टेबलामागे फॉर्म घेऊन तोच बसलेला! हायस्कूलमधले गणिताचे सर म्हणे. यंदा समितीनं साक्षी लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं.

"चंद्र नेमका कुठे होता?" सरांनी विचारलं. बाही ओढल्याची ओळख चेहऱ्यावर अजिबात दाखवली नाही.

"आमच्या दुकानातून गिरणीची चिमणी दिसते. तिच्यामागे सूर्य बुडाला होता. चंद्र तिच्या उजवीकडे, थोडा वर."

त्यांनी आपल्या कागदात बघितलं. मग पेन खाली ठेवलं.

"उजवीकडे... नक्की?"

"नक्की म्हणजे? चष्म्याचं दुकान आहे आमचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे डोळे तपासते मी!"

"पण हिशोबानं तो आज डावीकडे असायला हवा."

"मग तुमच्या हिशोबाला एक चष्मा करून घ्या. नंबर मी काढून देते!"

समितीचे म्हातारे अध्यक्ष, सदरचाचा, खो खो हसले. पण फॉर्मवर शब्द उमटला तो 'नामंजूर'. आणि सही सरांची.

संताप संताप झाला नुसता! घरी येताना अब्बा म्हणाले, "भास झाला असेल बेटा. दमली होतीस ना तू." अब्बासुद्धा!

ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी चंद्र पाहिला, त्यानं रोजा धरायचा, मग जग काही का म्हणेना. मी धरला. अख्ख्या गावात एकटीनं. सकाळी शेजारीण खिडकीतून ओरडली, "काय गं चाँदबी, उपाशीच का?" दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनी तोंडावर रुमाल धरून हसून घेतलं. ते सगळं मी गिळलं. पण अकरा वाजता अब्बांनी माझ्यासमोर बसून बशीत चहा ओतला आणि फुर्रकन प्यायला, तेव्हा मात्र डोळे भरून आले. माझ्या बापाला मी खोटी वाटत होते.

दुपारी दाराची घंटी वाजली. गणिताचे सर!

"डोळे तपासून घ्यायचे होते," ते म्हणाले.

"फार बरं केलंत. उशीरच झाला खरं तर. बसा."

आमची तपासायची खोली आहे आखूड. अक्षरांचा तक्ता लांबून वाचायला हवा आणि तेवढी जागाच नाही. म्हणून तक्ता असतो खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, उलट्या अक्षरांचा, आणि पेशंट तो समोरच्या आरशात बघून वाचतो. सरांनी तीन ओळी धडाधड वाचल्या. चौथीला गप्प झाले.

"काय झालं? दिसत नाही ना? मला वाटलंच होतं!"

"दिसतंय..." ते आरशाकडेच बघत म्हणाले. "तुम्ही काल चंद्र कुठून पाहिलात?"

"इथूनच. आरसा पुसत होते, तर आत मागची खिडकी दिसते ना, तिच्यात—"

आरशात खिडकी होती. खिडकीत गिरणीची चिमणी. मी आरशातल्या चिमणीच्या उजवीकडे बोट ठेवलं आणि हळूहळू मागे वळले. खऱ्या चिमणीची ती डावी बाजू होती.

"वळून पाहिला तेव्हा तो ढगाच्या कडेला पोचला होता," मी पुटपुटले. "म्हणून रस्त्यावर धावले. तिथून चिमणी दिसतच नाही... अगं बाई!" दिवसभर आरशात उलटं वाचून वाचून मला उजवं-डावं कधी बदललं तेच कळेनासं झालं होतं.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "चंद्र कुठे होता ते विचारलं. तुम्ही कुठे उभ्या होतात ते विचारलंच नाही."

"आणि रस्त्यात? तिथे तर बाही धरून दाखवत होते! तिथे तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं?"

त्यांचे कान लालबुंद झाले.

"तिथे मी... तुमच्याकडे बघत होतो."

"आभाळ सोडून?"

"हो. आभाळ सोडून."

असा राग आला मला! आणि त्या रागात हसू का येत होतं, त्याचा आणखी राग आला. "हे सगळं मला काय सांगताय?" मी ओरडले. "गावाला सांगा! माझ्या अब्बांना सांगा! मला खोटी ठरवलंत ना, मग आता खरी ठरवा!"

"सगळे माझ्या अंगावर येतील. पहिला रोजा बुडालाय प्रत्येकाचा."

"येऊ देत."

आणि त्यांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी, मशिदीच्या लाउडस्पीकरवरून, स्वतःच्या तोंडानं. "साक्ष खरी होती, चूक माझी होती, आज पहिला रोजा होता, ईदनंतर सगळ्यांनी एक रोजा भरून काढावा." गल्लीत एकच कालवा उठला. कुणी म्हणालं, याला गणित शिकवलं कुणी? शेजारणीनं खिडकी लावून घेतली. अब्बांनी माझ्यासाठी स्वतः फळं कापली, खजूर माझ्या हातात दिला आणि मान खाली घालून म्हणाले, "बेटा, मी तुझ्यासमोर चहा प्यायलो गं..." मग मी रडून घेतलं, पोटभर.

पुढे महिनाभर सरांच्या नव्या चष्म्याचा स्क्रू दर तीन दिवसांनी ढिला होत होता. मी तो दरवेळी घट्ट करत होते आणि दरवेळी चार शब्द सुनावत होते. ईदच्या दिवशी ते दारात उभे राहिले, घसा खाकरला.

"अम्मीला तुमच्याकडे पाठवू का? अब्बांशी... बोलायला?"

"अजून माफ केलेलं नाही मी तुम्हाला."

"ठाऊक आहे. माफ करेपर्यंत रोज सुनावत जा. जन्म लागला तरी चालेल."

"आधी तुमचा राहिलेला रोजा धरा. उद्याच! आणि सोडायला इथे या, अम्मीला घेऊन."

दुसऱ्या दिवशी माझे सगळे रोजे पुरे झालेले होते. आज बरोबर बारा वाजता ताट भरून जेवायचं, एकटीनं, असं मी मुद्दाम ठरवून ठेवलं होतं. ते उपाशी, मी तुडुंब. हिशोब फिटला असता!

बारा वाजले. माझ्या अम्मीनं गरम गरम वाढलं. मी घास उचलला... आणि परत ताटात ठेवला.

"काय गं, भूक नाही?" अम्मीनं विचारलं.

"आहे ना! सपाटून लागलीय," मी चिडून म्हणाले आणि ताट झाकून ठेवलं. "सूर्य बुडाला की जेवते."