गुरगुरणारं कोठार

"खोटं! साफ खोटं बोलतायत!" सेमिसी इतक्या जोरात ओरडला, की त्याच्या तोंडातल्या कलिंगडाच्या बिया लेसिएलीच्या फ्रॉकवर उडाल्या.

"शी! आधी गिळ, मग बोल!" लेसिएलीने फ्रॉक झटकला. "कोण खोटं बोलतंय?"

"सितालेकीकाका! शाळा समितीचे अध्यक्ष! म्हणे बँडची वाद्यं बोटीने राजधानीला दुरुस्तीला पाठवली, आणि तिथला कारागीर म्हणाला, भंगार झालंय, टाकून द्या. अगं, बोट लागली त्या दिवशी मी सकाळपासून धक्क्यावर होतो! मामाबरोबर कलिंगडं चढवत होतो. बँडमधला सगळ्यात मोठा कर्णा, एवढा थोरला ट्युबा, बोटीत चढला असता, तर मला दिसला नसता?"

"तू कलिंगडं चढवत होतास की खात होतास?"

"दोन्ही! पण डोळे काही खात नव्हते!"

एरवी लेसिएली खो खो हसली असती. पण सुट्टी लागल्यापासून तिचं डोकं तापलेलं होतं. टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या त्यांच्या छोट्या शाळेत एकच गोष्ट अशी होती, की जिच्यासाठी ती सकाळी धावत जायची. ती म्हणजे बँड. तीन वर्षं मागच्या रांगेत बसल्यावर येत्या सत्रात तिला पहिल्या कॉर्नेटची, म्हणजे पुढच्या रांगेतल्या छोट्या कर्ण्याची, जागा मिळणार होती. आणि सुट्टी लागता लागता सितालेकीकाकांनी जाहीर करून टाकलं, "वाद्यंच नाहीत, तर संगीताचा तास कशाला? त्या वेळात गणित शिकवू. निदान मार्क तरी वाढतील!" सोमवारी समिती त्यावर हात वर करणार, की खेळ खलास.

गणिताशी लेसिएलीचं भांडण नव्हतंच. अर्ध्या मात्रा, पाव मात्रा मोजून मोजूनच तर तिचे अपूर्णांक पक्के झाले होते! पण हे समितीला सांगणार कोण? बँडचे मोसेसेसर भिडस्त माणूस. ते नुसते चष्मा पुसत बसले होते.

एवढ्यात आना धापा टाकत आली. आना सितालेकीकाकांचीच मुलगी, आणि बँडमध्ये लेसिएलीच्या शेजारी बसणारी. तिला बघून सेमिसी एकदम गप्प झाला.

"गप्प का झालास? माझ्या बाबांबद्दलच बोलत होतास ना? बोल की!" आना म्हणाली. "मीही तेच सांगायला आलेय. आमच्या मागच्या कोठाराला बाबांनी नवं कुलूप ठोकलंय. इतकी वर्षं नुसती सुतळी बांधलेली असायची! मी कोनफळं आणायला गेले, तर अंगावर खेकसले, 'तिकडे फिरकायचं नाही!' कोनफळांना कोण कुलूप लावतं गं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कलिंगड तिथेच टाकून धूम ठोकली. सेमिसीने एक फोड तेवढी बरोबर घेतली.

कोठार होतं पत्र्याचं. भिंतींना खिडकी नाही, फट नाही. आनाची आई बायकांबरोबर चटया विणायला गेली होती आणि काका मळ्यात होते.

"दगड आणू? एका घावात कुलूप खाली!" सेमिसीने बाह्या सरसावल्या.

"म्हणजे चोर आपण ठरू, शहाण्या!" लेसिएली पत्र्याला कान लावून उभी होती. मग ती झटकन वळली. "सेमिसी, तालमीत सर तुझ्यावर सारखे का ओरडायचे?"

"कारण सगळे माझ्यावरच ओरडतात!"

"अरे, तुझ्या ड्रमच्या तारा! तू काठी लावलेली नसतानाही तुझा ड्रम मध्येच आपोआप कुरकुरायचा. मोठे कर्णे एका ठरावीक सुरावर आले, की खालच्या तारा थरथरायच्या, आणि सर ओरडायचे, तारा सैल कर! वाद्यं नेली तेव्हा केल्या होत्यास सैल?"

"कधी करणार? बोटीच्या आदल्या संध्याकाळी काका आले, वाद्यं उचलली, गाडीत कोंबली! मी 'अहो तारा, अहो तारा' करत मागे धावलो. ऐकतंय कोण!"

"झकास!" लेसिएलीने टाळी वाजवली. "मग आपण गाऊ. ड्रम आत असेल तर तोच ओ देईल."

टोंगात सूर आकड्यांनी ओळखतात. पहिला सूर तीन, शेवटचा नऊ. एकपासून का नाही, ते विचारू नका. पणजोबांच्या वेळेपासून चर्चच्या फळ्यावर असंच लिहिलेलं आहे, आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते वाचून गातं. लेसिएलीने तीन लावला. मग चार, पाच, थेट नऊपर्यंत. कोठार ढिम्म! आनाने गाऊन पाहिलं. तरी ढिम्म.

"आपले आवाज बारीक आहेत," लेसिएली म्हणाली. "जाड आवाज हवा. सेमिसी, चल!"

"मी नाही! माझा आवाज फुटलाय. बेडकासारखा येतो."

"बेडूकच हवाय आम्हाला!"

सेमिसीने लाजत लाजत खालचा तीन लावला. चार. पाच. सहावर आवाज चिरकला तशी आना फिसकन हसली. त्याने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि सात लावला...

खर्रर्रर्रर्र!

तिघांच्याही अंगावर काटा आला. सेमिसी थांबला, आवाज थांबला. पुन्हा सात. पुन्हा खर्रर्रर्र!

"माझा ड्रम!" सेमिसीने पत्र्याला मिठीच मारली. "जिवंत आहे! अगं, ओळखलं त्याने मला!"

आना मात्र पायरीवर मटकन बसली. तिला आता सगळं उमगलं होतं. "बोटीच्या दिवशी बाबा कावाच्या मुळ्यांचं पेय पिऊन सुस्त होऊन घरी आले होते! म्हणजे धक्क्यावर जाताना वाटेत कावा प्यायला बसले. वाडग्यावर वाडगे झाले, गप्पा रंगल्या आणि बोट गेली निघून! मग लाज वाटली, म्हणून सगळं इथे दडपलं आणि थाप मारली. आणि एका थापेपायी आपला तास बंद!"

"सरांना सांगू या," सेमिसी म्हणाला.

"सर काकांना विचारणार, काका नाही म्हणणार, संपलं!" लेसिएलीच्या गालांवर लाली चढली. "सगळ्या गावाला ऐकू गेलं पाहिजे. आना, शनिवारी चर्चच्या गायनमंडळाची तालीम कोणाकडे आहे?"

आना हळूच म्हणाली, "आमच्याकडे."

बापाला चारचौघांत उघडं पाडायचं म्हणजे काय, हे टोंगातल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही.

"तुला जमणार नसेल तर राहू दे, आना. खरंच," लेसिएली म्हणाली.

आनाने नाक पुसलं. "बाबा चुकलेत. ते चुकलेत आणि शिक्षा मला आणि तुम्हाला? नाही! चटया मीच अंथरणार आहे. कोठाराला अगदी खेटून अंथरते."

शनिवारी दुपारी सितालेकीकाकांचं अंगण माणसांनी फुललं. अळूच्या पानांत बांधलेलं मटण भट्टीत शिजत होतं, आणि सेमिसीचं नाक तिकडे आणि डोळे इकडे होते.

"चटया इथे कोणी टाकल्या?" काका दचकून ओरडले. "तिकडे ओसरीवर टाका!"

"ओसरीवर ऊन येतं, बाबा," आना शांतपणे म्हणाली. "लाविनिआआजींना त्रास होईल."

लाविनिआआजी समितीतल्या सगळ्यात वडील. त्या तोवर चटईवर ऐसपैस बसल्यादेखील होत्या. त्यांना उठवण्याची छाती कोणाची?

गायनमंडळही बसवणारे मोसेसेसर फळ्यावर आकडे लिहायला लागले. लेसिएली पुढे सरकली. "सर, ज्यात पुरुषांना लांबच लांब सात आहे, ते भजन घ्या ना! सितालेकीकाकांचा खर्ज त्यात काय सुंदर लागतो!"

"हो हो, तेच घ्या!" सगळे म्हणाले. काकांची छाती फुगली. आपल्या आवाजाचा त्यांना भारी अभिमान! कोठाराची धास्तीसुद्धा ते क्षणभर विसरले.

गाणं सुरू झालं. बायकांचा आवाज वर चढला, मुलांचा त्याच्याही वर, आणि मग पुरुषांनी सात लावला. सगळ्यांत दणदणीत आवाज सितालेकीकाकांचा.

खर्रर्रर्रर्रर्र!

"कोण घोरतंय?" लाविनिआआजींनी मागे वळून पाहिलं.

"उंदीर असतील!" काका घाईघाईने म्हणाले. "दुसरं भजन घ्या!"

"सुरात गुरगुरणारे उंदीर?" मोसेसेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा कान कधी चुकायचा नाही. "पुन्हा एकदा सात."

या खेपेला काका गप्प राहिले. पण बाकीचे पुरुष थोडेच गप्प बसतात! खर्रर्रर्रर्र!

"हा साइड ड्रम आहे," सर म्हणाले. ते उठून थेट कोठाराच्या दारापाशी गेले. "माझ्या शाळेचा साइड ड्रम. सितालेकी, कुलूप उघडा."

दार उघडलं. कोनफळांच्या ढिगामागे, गळक्या पत्र्याखाली, सगळा बँड आडवातिडवा पडला होता. छपराच्या भोकातून शिरून कोंबडीने ट्युबात अंडी घातली होती! लेसिएलीला तिचं कॉर्नेट सापडलं. हिरवं पडलेलं, तीनपैकी एक कळ घट्ट अडकलेली. तिला रडूच आलं, आणि रडता रडता भयंकर राग आला.

काकांचा चेहरा काळवंडला होता, तरी मान काही खाली जाईना. "चुकलो. बोट चुकली आणि मी थाप मारली. पण म्हणून काय झालं? सापडली तर सापडली! पिपाण्या फुंकून पोट भरत नाही. सोमवारी मी गणितालाच हात वर करणार!"

अध्यक्षांना उलट उत्तर कोण देणार?

"ठीक आहे, काका," लेसिएली उभी राहिली. "संगीत शिकवायचं नसेल, तर गायचंही नाही. मुलांनो, उठा!"

आना पहिली उठली, बापाकडे बघत. मग सेमिसी उठला, भट्टीतल्या मटणाकडे एक दुःखी नजर टाकून. मग एकेक करत गायनमंडळातलं प्रत्येक मूल उठलं आणि अंगणाबाहेर जाऊन उभं राहिलं.

"आता गा!" लेसिएली कुंपणापलीकडून म्हणाली.

"अगं पोरी, हा काय उद्धटपणा?" कोणीतरी ओरडलं.

"गाऊन तर दाखवा! काका, तुम्ही फळ्यावरचे आकडे वाचता, ते कोणी शिकवलं तुम्हाला? याच शाळेने! संगीताच्या तासाला! आमचा तास बंद केलात, तर आमच्यानंतरच्या पोरांना तीन काय आणि नऊ काय, कळणारसुद्धा नाही. मग वरचे सूर कोण लावणार?"

सरांनी मुद्दामच हात उचलला. मोठी माणसं गायला लागली. खालचे सूर भक्कम होते, पण वर काहीच नव्हतं, छप्पर उडालेल्या घरासारखं. दोन ओळींत गाणं अडखळलं आणि थांबलं.

लाविनिआआजी कष्टाने उठल्या.

"माझा नवरा गेला, तेव्हा रात्रभर हे गाव माझ्या दारात बसून गायलं," त्या म्हणाल्या. "त्या गाण्याने मला सावरलं, नाहीतर मी कधीच उभी राहिले नसते. उद्या माझी पाळी. सितालेकी, माझ्या मयताला पोरं काय पाढे म्हणणार आहेत?"

सितालेकीकाका थेट कुंपणापाशी गेले, आनासमोर उभे राहिले. त्यांची मान पहिल्यांदाच खाली गेली होती.

"सोमवारी तासासाठी हात वर करतो," ते म्हणाले. "आणि दुरुस्तीला वाद्यं मी स्वतः घेऊन जाईन. पाठीवरून."

"वाटेत कावा न पिता," आना म्हणाली.

"थेंबभरसुद्धा नाही."

अंगणात हशा पिकला. आजींनी लेसिएलीला जवळ ओढलं. "शाबास, पोरी! एवढ्या मोठ्यांसमोर बोललीस, भीती नाही वाटली?"

"वाटली ना, आजी! आवाज नुसता थरथरत होता."

"आम्हाला तर स्वच्छ ऐकू आला," मोसेसेसर म्हणाले. "पहिल्या कॉर्नेटला असाच आवाज लागतो."

"सर, एक कळ अडकलीये. हे वाजणार नाही."

"दोन चालतायत ना? तेवढ्यात काय काय वाजतं ते बघ की!"

लेसिएलीने हिरवं पडलेलं कॉर्नेट फ्रॉकने पुसलं, ओठांना लावलं आणि जेवढे सूर मिळाले तेवढे सगळ्या ताकदीनिशी वाजवले.