ओतून दिलेलं पाणी

“ओतून दिलंस? सिंकमध्ये? अरे, काय केलंस काय तू!”

“ओरडू नकोस माझ्यावर! आधी पेशी बघ. कशा टकाटक आहेत! एक जरी मेली असेल तर सांग.”

“मला पेशी नकोच होत्या रे… ते पाणीच हवं होतं!”

त्यानं हातातली पेशींची बशी हळूच खाली ठेवली.

तो शेजारच्या लॅबमधला. तिकडे पेशी वाढवायच्या, त्या ज्यात वाढतात ते जुनं पाणी टाकून ताजं घालायचं… झोपेतही हात तेच करतील. हिच्याशी ओळख झाली ती बर्फाच्या मशिनपाशी. एकाच बादलीवर दोघांचे हात पडले, आणि त्यानं काही ती सोडली नाही. तेव्हापासून ती त्याला ‘बर्फ्या’ म्हणायची.

काल मावशीला दवाखान्यात न्यायचं म्हणून ती लवकर निघाली, तर हाच पुढे. “जा गं बिनधास्त, मी बघतो.” नुसतं लक्ष ठेव, एवढंच ती म्हणाली होती. पण या साहेबांना तिची शाबासकी हवी होती ना!

ती स्टुलावर मटकन बसली. “पेशी बारीक बारीक पुड्या सोडतात. एक्सोझोम. त्या पाण्यातच असतात. त्यातला निरोप घेऊन शरीरातले पहारेकरी ठरवतात, लढायचं की गप्प बसायचं. मावशीचे पहारेकरी तिच्याच सांध्यांवर तुटून पडलेत. या पुड्यांनी असे पहारेकरी शांत होतात का, तेच बघत होते मी…”

“म्हणजे पेशीपण पुड्या सोडतात? आपल्या ऑफिससारख्या?”

तिला हसू आलं… आणि मग डोळेच भरले.

“आमच्या लॅबचे सर म्हणतात, पाणी गढूळ झालं, म्हणजे माझंच काम घाणेरडं. दुपारी माझा प्रयोगच बंद करणार. गढूळ? माझं? कुणी सांगितलं त्यांना?”

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळी सरांनीच विचारलं होतं, पाणी का बदललंस? दुसऱ्याच्या लॅबमध्ये हात घातला म्हणून ओरडा बसेल, या भीतीनं तो पटकन बोलून गेला होता, ‘गढूळ दिसत होतं.’ एवढंसं खोटं. आता त्याला तिच्याकडे बघवेना. जमीन दुभंगली तर बरं…

“मी,” तो बुटांकडे बघत म्हणाला. “मीच सांगितलं. पाणी स्वच्छ होतं. घाबरलो मी.”

तिनं नजर सिंककडे वळवली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

“आणि बदललं ते… तू येऊन हसशील म्हणून. तुझं हसू मला… तूच आवडतेस मला. हे सांगायला याहून वाईट वेळ नसेल, ना?”

“नाहीच आहे,” ती म्हणाली. मग उठली. त्याच्या छातीवर उलटं फिरलेलं ओळखपत्र तिनं हळूच सरळ केलं. बोटं क्षणभर तिथेच राहिली. “बर्फ्या… ऐक ना—”

पलीकडे सरांच्या केबिनचं दार वाजलं.

“नको,” तो म्हणाला. “आत्ता ऐकलं तर पाय निघणार नाही माझा. सर आलेत… त्यांना खरं सांगायला मला जायलाच हवं.”