घळीतली ओ

त्या सकाळी वंदना घरातून निघाली ती फक्त कुदळी पाजवून आणायला. गावच्या, धावड्याच्या लोहाराकडं उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून चहासुद्धा तिनं उभ्याउभ्याच घेतला होता. लोहारानं कुदळीचं टोक निखाऱ्याच्या उजेडात फिरवून पाहिलं.

"कुठं खनून राह्यले बाई? इतक्या जल्दी बोथट झाली?"

"गायरानात. घाणेरी काढून राह्यलो आम्ही बाया."

"वरल्या अंगाची?"

"वरली झाली. आता घळ तेवढी राह्यली."

लोहारानं भाता जरा जोरानं ओढला आणि यंदा आंब्याला मोहोर कसा कमी होता ते सांगत बसला. वंदनाच्या ते लक्षात आलं. घळीचं नाव निघालं की गावातलं प्रत्येक माणूस असंच दुसऱ्या वाटेला लागायचं.

गावाचं गायरान डोंगराच्या पायथ्याशी. म्हातारी माणसं सांगत, तिथं पवन्या गवत असं माजायचं की बसलेली गाय दिसत नसे. मग कधीतरी घाणेरी आली. कुणी म्हणे पाखरांनी आणली, कुणी म्हणे कुण्या साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणावरून सुटली. नारिंगी-गुलाबी फुलं दिसायला गोड, म्हणून पहिल्यांदा कुणी हात लावला नाही. आणि लावायचं ठरलं तेव्हा हात लावायला जागा उरली नव्हती. तिच्या खाली गवताची काडी उगवत नाही. पान चुरगळलं की तो उग्र, डोक्यात जाणारा वास बोटांना रात्रभर सोडत नाही.

यंदा चारा सरला तेव्हा तुळजाबाईची गाय घाणेरीला तोंड लावून बसली. तिचे डोळे पिवळे झाले, नाकावरची कातडी सोलून निघाली, ऊन सोसेना म्हणून ती भिंतीत डोकं खुपसून उभी राहायची. तशीच उभ्या उभ्या गेली. तुळजाबाई दोन वेळा जेवली नाही. त्यानंतर ग्रामसभेत ठरलं की पावसाच्या आत गायरान मोकळं करायचं आणि गवताचं बी टाकायचं. काम बायांच्या गटानं उचललं, आणि गटाची पुढारीण वंदना.

घाणेरी वरून छाटून भागत नाही; छाटली की दुप्पट जोमानं फुटते. बुंध्याखाली कुदळ घालायची, मूळ तोडायचं, सबंध झुडूप उपटून उलटं टाकायचं, मुळं आभाळाकडं. नाहीतर पडल्या जागी परत रुजतं. जाळीत शिरलं की हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नाही. कुणाची कुदळ कुणाला लागू नये म्हणून वंदना थोड्या थोड्या वेळानं एकेकीच्या नावानं हाक मारायची. "तुळजाबाईऽ!" "ओऽ!" "बेबीनंदाऽ!" "ओऽ!" ओ आली की समजायचं, बाई कुठं आहे आणि बरी आहे.

घळीत उतरताना वंदना दर पावलाला आधी जाळीकडं बघत होती, आणि त्याला कारण होतं. कांताबाई, तिची थोरली जाऊ, मागच्या दुष्काळात याच घळीत शेळीच्या मागं शिरली होती. ती बाहेर आलीच नाही. गावानं दोन दिवस शोध घेतला, पण जाळी इतकी दाट की माणसं कडेकडेनं फिरून परत आली. मग बोलणी सुरू झाली. कांताबाई ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणाबरोबर अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं निघून गेली, असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी ते उचललं. तिचा नवरा बद्रीनाथ तेव्हापासून पारावर बसायचा बंद झाला. त्यानं ना दुसरं लग्न केलं, ना तिचे दिवस घातले. मेलेली म्हणावं तर देह नाही, गेलेली म्हणावं तर जीभ वळत नाही.

वंदनाला नवी नवरी असताना भाकरी थापायला शिकवली ती कांताबाईनं. बाई पळून जाणारी नव्हती, हे वंदनाला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. घळ मोकळी झाली तर ते गावालाही दिसेल, असं तिच्या मनात होतं. ती ते बोलून मात्र दाखवत नव्हती.

पहिल्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा तिनं हाक दिली, "तुळजाबाईऽ!"

"ओऽ!"

ओ समोरून आली. समोर अजून कुणी गेलेलंच नव्हतं. वंदना कान देऊन उभी राहिली, तेवढ्यात मागून, डाव्या अंगानं तुळजाबाईचीच ओ आली, दमलेली, खोकल्यासकट.

"दोनदा ओ दिली का गं?"

"न्हाई वो. एकदाच दिली."

दरडीवर आदळून आवाज फिरला असेल, असं वंदनानं स्वतःला समजावलं. पण आदळून फिरलेला आवाज मागाहून येतो. हा आधी आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया घळीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. आदल्या दिवशी उपटून उलटी टाकलेली झुडपं सरळ उभी होती. वाऱ्यानं पडली म्हणावं तशी नाही. प्रत्येकाचा बुंधा खड्ड्यात नीट बसवलेला, भोवतीची माती दाबलेली. मातीवर दाबल्याच्या खुणा होत्या. बेबीनंदानं त्यातल्या एका खुणेवर आपला तळवा ठेवून पाहिला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"बराबर बसतो," ती म्हणाली. "माझ्या हाताएवढाच हाय."

"कुणीतरी चेष्टा करून राह्यलंय," वंदना म्हणाली.

"कोन? गावातलं कोन येतं हितं?"

त्या दिवशी कुणी आत गेलं नाही. बाया टोपल्या उलट्या करून परत निघाल्या आणि दुपारपर्यंत गावभर झालं.

ऊन उतरल्यावर बद्रीनाथ वंदनाच्या दारात येऊन उभा राहिला. भासऱ्यांशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडाला तोंड देऊन बोलायची त्या घरात रीत नव्हती. तो उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "आवाज येतो म्हनतेत... खरं हाय का?"

वंदनाच्यानं नाही म्हणवलं नाही.

"मंग चल. मला दाखव कुठून येतो."

दोघं घळीवर आली तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. एवढी दाट जाळी, पण तिच्यात एक पाखरू बोलत नव्हतं. खाली घाणेरीच्या वासाला दुसरा एक वास मिसळला होता, बंद घराची कवाडं उघडल्यावर येतो तसला. बद्रीनाथ कडेला उभा राहिला. त्यानं कुदळ छातीशी धरली आणि हाक दिली.

"कांतेऽ!"

मग आतून, अगदी साध्या, कामात असलेल्या बाईच्या आवाजात आलं...

"ओऽ..."

आवाज कांताबाईचाच होता. ओ देताना शेवटी जरा खाली उतरणारा, तसाच.

बद्रीनाथनं कुदळ टाकली. "हाय ती... आत हाय." तो गुडघ्यावर बसला. जाळीच्या बुडाशी रानडुकराच्या वाटेसारखं एक बीळ होतं, माणूस रांगत जाईल एवढं. त्यानं त्यात डोकं घातलं.

"दादा, थांबा!"

"सोड मला. अडकून पडली असंल... इतके साल..."

"दादा, इतके साल माणूस जाळीत ऱ्हातं का?"

पण तो ऐकेना. वंदनानं रीतभात बाजूला ठेवली आणि त्याचा सदरा मागून घट्ट धरला. दुसरं काय करावं ते तिला सुचेना. मग एकदम एक विचार तिच्या मनात आला. तिनं जाळीकडं तोंड केलं आणि स्वतःच्याच नावानं हाक मारली.

"वंदनाऽ!"

बद्रीनाथ रांगता रांगता थांबला.

"ओऽ..." आतून वंदना म्हणाली. "आले..."

तिचाच आवाज. सर्दीनं सकाळपासून बसलेला, तो घोगरेपणासुद्धा तसाच.

बद्रीनाथ उलटा सरकत बाहेर आला. तोंडाला माती, डोळे विस्फारलेले. दोघं गावाच्या दिशेनं चालत सुटली. मागं वळून पाहायचं धाडस कुणालाच झालं नाही.

त्या रात्री वंदनाला झोप लागली नाही, पण पहाटेपर्यंत तिचं ठरलं होतं. जे काही आत होतं ते हाकेला बांधलेलं होतं, हाकेला ओ देऊनच ते माणसाला आत ओढत होतं. कांताबाई आत शिरली तेव्हा काठावरून तिला हाका मारणारे कितीतरी लोक होते, आणि प्रत्येक हाकेला कुठूनतरी ओ येत असणार. एका ओच्या मागं दुसरीकडं, दुसरीच्या मागं तिसरीकडं शोधणारे फिरत राहिले असणार, आणि बाई भलतीकडंच राहिली असणार. ते ऐकलेलं भीतीनं कुणी बोललं नाही; पळून गेली म्हणणं सोपं होतं.

सकाळी ती तुळजाबाईकडं गेली. "तुमच्या गायीच्या गळ्यातली घंटी हाय का अजून?"

तुळजाबाईनं खुंटीवरची घंटी काढली आणि पदरानं पुसून तिच्या हातात दिली. वंदना घरोघर फिरली. जिच्या गोठ्यात जे होतं ते मागून घेतलं, बैलांच्या माळा, शेळ्यांची घुंगरं. बाया यायला तयार नव्हत्या. तेव्हा वंदना पारासमोर उभी राहून म्हणाली, "बाई पळून गेली म्हननाऱ्यांनी आज घरी बसा. मी एकटी जाते." त्यावर बेबीनंदानं पदर खोचला, आणि मग एकेक करत सगळ्याच निघाल्या. बद्रीनाथही आला. लोहार घण घेऊन आला, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

"आज कुनी कुनाला हाक मारायची न्हाई," वंदनानं बजावलं. "बिलकुल न्हाई. घंटी कमरेला बांधा. घंटी वाजली की समजायचं बाई बरी हाय. आन् आतून कुनीबी बोलवू द्या... ओ द्यायची न्हाई."

घळीत घंट्या वाजू लागल्या. रिकाम्या रानात एखादं मोठं खिल्लार शिरावं तसा तो आवाज. कुदळी पडत होत्या, मुळं तुटत होती, उपटलेली झुडपं या खेपेला घळीत न टाकता वर ओढून नेऊन पेटवली जात होती. हिरव्या पानांचा दाट पिवळट धूर डोळ्यांत जात होता.

बराच वेळ आत काहीच झालं नाही. मग हाक न मिळाल्यामुळं ते स्वतःच हाका मारू लागलं.

"तुळजाबाईऽ..." वंदनाच्या आवाजात. तुळजाबाईचा हात हवेत थांबला, घंटी गप्प झाली. वंदनानं आपली घंटी जोरजोरात हलवली. क्षणभरानं तुळजाबाईची पुन्हा वाजली.

"बेबीनंदाऽ... अगं, इकडं ये जरा..." हा तिच्या मेलेल्या आईचा आवाज होता, असं तिनं मागाहून सांगितलं. तेव्हा ती फक्त ओठ चावून माती ओढत राहिली.

जाळी आता थोडीच उरली होती. आणि तिच्यातून अगदी जवळून, लाडिक नाही की रडवा नाही, जेवायला बोलवावं तसा आवाज आला.

"अहो..."

बद्रीनाथ ताठ झाला.

"अहो... ऐकलं का..."

कांताबाईनं जन्मभर त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. त्याचं तोंड उघडलं. वंदनाला ते दिसत होतं आणि ओरडता येत नव्हतं. मग बद्रीनाथनं डोक्याचा रुमाल सोडला, त्याचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला आणि कुदळ उचलली. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. प्रत्येक घावाला छातीतून हुंकार येत होता, पण शब्द फुटला नाही. "अहो... अहो..." आवाज चालूच होता, आणि तो खणत होता. शेवटचा बुंधा उन्मळून आला तेव्हा आवाज अर्ध्यावर तुटला. नंतर फक्त घंट्या राहिल्या.

बुंध्यामागं दरडीला एक खोबण होती. त्यात शेळीची पांढरी हाडं पडली होती, आणि शेजारी माणसाची, कुशीवर निजल्यासारखी. पायाच्या बोटांजवळ जोडवी होती. बद्रीनाथनं तोंडातला रुमाल काढला, जोडवी हातात घेतली आणि तिचीच म्हणून मान हलवली.

पोलीस पाटलाला बोलावणं गेलं. कायद्याप्रमाणं व्हायचं ते झालं. कांताबाईचे दिवस घातले गेले, आणि ज्यांनी तिचं नाव खराब केलं होतं ते मान खाली घालून जेवायला आले. बद्रीनाथ पुन्हा पारावर बसू लागला. पहिल्या पावसात गायरानात पवन्याचं बी टाकलं. घळीतसुद्धा टाकलं, आणि ते चांगलं उगवलं. गावाच्या मनानं गोष्ट तिथं संपली.

वंदनानं मात्र एक कुणाला सांगितलं नाही, बद्रीनाथला तर नाहीच. पाटील यायच्या आधी, माणसं वर गेलेली असताना, देह झाकायला म्हणून ती एकटी खोबणीत वाकली होती. हाडं उन्हापावसानं वाळून पांढरी पडलेली. आत अंधारात असलेल्या डोक्यावरचे केस मात्र काळेभोर होते. भांग सरळ पाडलेला. वंदनाच्या बोटांना त्या केसांचं तेल लागलं, ताजं, अजून न मुरलेलं. आणि वेणी अर्धीच घातलेली होती. खालचे तीन पेड सुटे, एकमेकांपासून नीट वेगळे काढून ठेवलेले, घालणारं माणूस आत्ताच हातातलं काम टाकून उठून गेल्यासारखे.