शिरीषाचा टेकू

झाड तोडायचं की नुसतं छाटायचं हे ठरवायला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा भर दुपार होती, पण आभाळ असं भरून आलं होतं की दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. डॉक्टरीण म्हणजे झाडांची. नगरपालिकेच्या उद्यान विभागात त्या होत्या, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय कुठल्याही मोठ्या झाडाला करवत लागत नसे. हे पेशंट बरे, असं त्या म्हणायच्या. स्वतः कधी तक्रार करत नाहीत, शेजारीपाजारीच काय ते डोकं खातात.

इथला पेशंट म्हणजे एक अवाढव्य शिरीष. एका बाजूला जुनी इमारत, दुसऱ्या बाजूला नवी कोरी, आणि मध्ये हा. त्याची एक जाड फांदी जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर खिडकीतून थेट खोलीत शिरली होती. त्या खोलीत अंथरुणाला खिळलेले एक आजोबा आणि त्यांची सून राहत.

"उद्या ती म्हाताऱ्याच्या अंगावर पडली तर मी कुणाला तोंड दाखवू?" सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. ते नव्या इमारतीत राहत, पण कारभार दोन्हींचा बघत. माणूस तोंडाने फटकळ, पोटात माया. करवतवाले त्यांनी सकाळपासूनच बोलावून ठेवले होते.

बाईंनी मान वर केली. बुंध्यापाशी झाड आणि भिंत यांच्यात माणूस आरामात चालेल एवढी जागा होती. वर जाता जाता ती वीतभर उरली होती. झाड इमारतीवर रेललं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"काढावंच लागेल," त्या म्हणाल्या. करवतवाले उठले. "थांबा, वर जाऊन फांदी बघून येते. मग लावा हात."

वीज गेलेली होती. जिन्यात भिंत चाचपतच त्या चढल्या. सुनेने दार उघडलं आणि आतून वास आला, कच्च्या ओल्या लाकडाचा, नुकती साल सोलल्यासारखा. खोलीत कुठेतरी बारीक करकर चालू होती. थांबायची, आणि पुन्हा सुरू व्हायची.

फांदी खिडकीतून आत येऊन आजोबांच्या पलंगावरून तिरपी वर गेली होती आणि छताच्या तुळईखाली टेकली होती. अंधारलं की शिरीषाची पानं मिटतात. बाहेरची सगळी मिटली होती. या फांदीची मात्र टक्क उघडी होती.

"केव्हापासून आहे ही?"

"खिडकीत तर वर्षभर आहे, ताई. पण..." सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काल संध्याकाळपर्यंत पलंगाच्या वरच होती. तुळईपर्यंत गेली ती... रात्रीत."

"झाडं अशी वाढत नाहीत हो."

"हळू बोला," आजोबा पुटपुटले. "दमलीय ती..."

बाईंनी फांदीवर तळवा ठेवला. ती थरथरत होती, जड पोतं पाठीवर घेतलेल्या हमालाचे पाय थरथरतात तशी. तुळईखाली तिची साल चेचली होती आणि तिथून चीक ओघळत होता.

बाईंच्या अंगावर काटा आला. भीती वाटली की हातांना काम द्यायचं, ही त्यांची रीत. पिशवीतून त्यांनी ओळंबा काढला, झाडाचा कल मोजायला त्या तो नेहमी बाळगत. खिडकीच्या वरच्या कडेला दोरी धरून त्यांनी गोळा बाहेर सोडला. तो भिंतीला लागून राहायला हवा होता. तो भिंतीपासून चांगला चार बोटं सुटून लोंबत राहिला. आणि त्या दोरीच्या शेजारी शिरीषाचा बुंधा उभा होता, अगदी दोरीसारखाच सरळ.

उभा जन्म झाडांचा कल मोजणाऱ्या बाईंनी आज भिंत सरळ आहे असं धरून झाड मोजलं होतं. झाड इमारतीवर रेललंच नव्हतं. इमारत झाडाकडे येत होती, आणि तिचं छत या फांदीवर तोललेलं होतं.

"करवत खाली ठेवा!" त्या खिडकीतून ओरडल्या. "सगळे वर या! आजोबांना उचलायचंय!"

झाड पाडायला आलेल्या हातांनीच आजोबांना चादरीसकट उचललं. एक टोक सेक्रेटरींनी धरलं होतं. सून आजोबांचा हात धरून पुढे झाली. बाई आजूबाजूची दारं ठोठावत सगळ्यांना खाली पिटाळत होत्या. वर करकर वाढली होती... मग एकदम थांबली. ते थांबणं जास्त वाईट होतं.

अंगणात पोचल्यावर आजोबा म्हणाले, "माझा चष्मा राहिला."

"आणतो," असं म्हणून सेक्रेटरी परत धावले. बाईंनी हाका मारल्या, ऐकतोय कोण! चष्मा घेऊन ते दारापर्यंत आले असतील नसतील, तेवढ्यात पाठीत काहीतरी जोरात बसलं आणि ते जिन्यावर उपडे पडले. मागे कुणीही नव्हतं. पुढच्याच क्षणी खोलीचं छत पलंगावर आलं.

धूळ खाली बसली तेव्हा सगळे जण अंगणात होते. एकालाही खरचटलं नव्हतं, सेक्रेटरींचे गुडघे सोडून. सून शिरीषाला मिठी मारून रडत होती. "माझ्या सासऱ्यांना राखलंत हो," असं ती झाडाला म्हणत होती, आणि कुणाला त्यात वेडेपणा वाटला नाही. सेक्रेटरींनी चष्मा आजोबांच्या नाकावर बसवला आणि झाडापुढे हात जोडले.

"याला कुणी तोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "वाळकं तेवढं काढू."

जुनी इमारत नीट उभी राहायला वर्ष गेलं. वाळकं काढायला बाई पुन्हा आल्या, तेव्हा आजोबा नव्या खिडकीत बसून ऊन खात होते. ती फांदी खोलीत नव्हती. कुणी कापलीही नव्हती.

सेक्रेटरींनी बाईंना हाताला धरून आपल्या घरात नेलं. चेहरा कसा लग्नघरातल्यासारखा फुललेला. "बघा, आता माझ्याकडे आलीय! तिच्यासाठी मी खिडकीची काचच काढून टाकली. माझा जीव वाचवलाय तिने, ताई. तिला नाही कसं म्हणू?"

बाईंनी ओळंबा सोडला. गोळा भिंतीला लागून शांत राहिला. भिंत पक्की, छत पक्कं, कुठे केसाएवढी भेग नाही.

"इंजिनिअरही हेच म्हणाला," सेक्रेटरी हसले. "या घराला काही होत नाही म्हणे."

मग बाईंनी फांदीकडे पाहिलं. ती छताकडे गेलीच नव्हती. खिडकीतून आत येऊन ती खाली वळली होती, सेक्रेटरींच्या पलंगाकडे, उशीच्या जरा खाली, झोपलेल्या माणसाची छाती येते तिथे. या वेळी टेकू घराला नको होता. टेकायला चार बोटं उरली होती. आणि टोकाची साल आत्ताच चेचलेली होती, रात्रभर काहीतरी तोलून धरल्यासारखी.