उरलेली टोचणी

पाखरनाळ बचाव पथकात नवा माणूस दाखल झाला की त्याच्या हातात लगेच दोर देत नाहीत. आधी त्याला स्मरणघरात बसवतात आणि गेलेल्या माणसांशी त्याची ओळख करून देतात.

स्मरणघर म्हणजे साकुरवाडीत पथकाच्या कचेरीमागे बांधलेली एक खोली. आत एक आरामखुर्ची, डोक्याला लावायची मऊ जाळीदार टोपी आणि भिंतीवर पथकातल्या दिवंगतांचे फोटो. खुर्चीत बसायचं आणि एखादं नाव सांगायचं. मग त्या माणसाच्या आठवणी बसणाऱ्याच्या मनात उलगडू लागतात. त्या पडद्यावर चित्र पाहावं तशा नसतात. अक्षयकाका बांबळे यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण कालपरवा भरती झालेल्या पोरापोरींनाही त्यांनी गाठ शिकवताना खांद्यावर ठेवलेल्या हाताचं वजन ठाऊक आहे, त्यांच्या तंबाखूचा वास ठाऊक आहे.

या आठवणी येतात जिवंत माणसांकडून. माणूस गेला की पथकातले लोक त्याच्या आपापल्या आठवणी खोलीला देतात. याला स्मरणदान म्हणतात. दान हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा, कारण दिलेली आठवण देणाऱ्याकडे उरत नाही.

सुयश भांगरे पाखरनाळेत, डोंगरातल्या ओढ्याच्या त्या अरुंद घळीत, वाहून गेला त्याला दोन वर्षं झाली होती. त्याच्याबद्दल सगळ्यांनी दिलं होतं, फक्त त्याच्या बायकोने, कार्तिकीने, काहीच दिलं नव्हतं. कार्तिकी पथकाचा वायरलेस सांभाळायची. वय चौपन्न, आवाज शांत. ढगफुटीत कड्यावर अडकलेली माणसंसुद्धा तिचा आवाज ऐकून धीर धरायची. पथकातलं कोणी तिला दानाबद्दल विचारत नसे. पण स्मरणघरातला सुयश अपुरा होता, हे सगळ्यांना जाणवायचं.

हर्षल धिंदळे मात्र तिच्याकडे वरचेवर यायचा. सुयशचा हा जिवलग मित्र. दोघं वीस वर्षं एका दोरावर चढले होते. मित्रासाठी हात आखडता घ्यायचा नाही म्हणून त्याने सुयशच्या झाडून सगळ्या आठवणी देऊन टाकल्या होत्या. आता तो सुयशबद्दल ऐकीव माहितीवर बोलायचा.

त्या दिवशीही तो ओट्यावर येऊन बसला. कार्तिकीने चहा ठेवला.

"वहिनी, परत विचारतो म्हणून रागावू नका," तो म्हणाला. "मी त्याचं काही वाईट केलं होतं का?"

"नाही हो भाऊजी."

"मग असं का वाटतं? सकाळी उठलो की छातीवर धोंडा. दोर पाहिला की हात कापतात. कुणाचा तरी जीव माझ्यामुळे गेलाय असं वाटतं, आणि कसा गेला ते आठवत नाही."

कार्तिकीने त्याचे दोन्ही हात उलटे करून तळव्यांवरचे व्रण त्याला दाखवले. "हे बघा. वरचा दोर तुम्ही धरला होता. पाणी आलं, दोर खडकावर घासून तुटला. तुम्ही सोडला नाहीत. हातांची सालटी निघाली तरी तुटलेलं टोक तुमच्या मुठीतच होतं. त्याच दुपारी मी स्वतः मलम लावलंय या हातांना."

"नक्की ना?"

"मी वायरलेसवर होते ना, सगळं ऐकत होते. मला आठवतंय."

हर्षलचा चेहरा जरा सैलावला. दोन-चार दिवस त्याला बरं वाटायचं, मग तो पुन्हा यायचा. कार्तिकी दर वेळी तेच सांगायची. हर्षलला सोडवणं तिला जमत होतं. तिला स्वतःला सोडवणारं कोणी नव्हतं, कारण तिने काय केलं ते कोणाला माहीतच नव्हतं.

त्या दुपारी दोन गिर्यारोहक नाळेत अडकले होते. एकाला सुयशने वर पाठवलं. दुसऱ्याचा पाय मोडला होता. सुयशने वायरलेसवर विचारलं, "याला पाठीवर घेऊन निघू, की स्ट्रेचरची वाट बघू?" पाय मोडलेल्या माणसाला स्ट्रेचरशिवाय हलवायचं नाही, हा पथकाचा नियम. कार्तिकी म्हणाली, "तिथंच थांब. स्ट्रेचर निघालंय."

त्याच वेळी त्याच्या बोलण्यामागे ओढ्याचा आवाज बदलला. खळाळ कमी झाला आणि खोल, घुमणारा सूर सुरू झाला. सुयश घरी हजारदा सांगायचा, "खळाळ दबून घुमायला लागलं की समजायचं, वर कुठेतरी पाणी तुंबलंय. मग एक क्षणही थांबायचं नाही." त्याच्या शेजारी जखमी माणूस ओरडत होता, कानांवर हेल्मेट होतं. त्याला तो सूर ऐकू गेला नसावा. कार्तिकीला गेला. तिला वाटलं, वायरलेसची घरघर असेल.

वीज पडून वायरलेसच्या मनोऱ्यावरचं ध्वनिमुद्रण त्या दिवशी बंद पडलं होतं. तो आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, कार्तिकीच्या डोक्यात.

यंदाच्या पावसाळ्याआधी पथकात नवी तुकडी आली. तिची प्रमुख नभा घोडे नावाची तरतरीत मुलगी होती. नाळेत बसवलेली पाणीमापक यंत्रं दरवर्षी वाहून जायची, त्यामुळे खरा भरवसा माणसाच्या कानांवरच होता. नभा सुयशच्या सगळ्या आठवणींत बसून आली आणि कार्तिकीला म्हणाली, "काकू, सुयशकाका त्या घुमण्याबद्दल सगळ्यांना सांगताना दिसतात. पण प्रत्यक्ष तो आवाज कुणाच्याच आठवणीत नाही. ऐकल्याशिवाय ओळखायचा कसा?"

कार्तिकी त्या आठवड्यात डॉ. ऋतुजा परचुरे यांना भेटायला नाशिकला गेली. स्मरणदानाची पद्धत शोधून काढणाऱ्या गटातल्या त्या एक. आता केस पांढरे झाले होते.

कार्तिकीने त्यांना सगळं सांगितलं. सुयश गेल्यावर ती पहिल्यांदाच कोणाला तरी हे सांगत होती. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तेवढी एक दुपार काढून घ्या, डॉक्टर. नव्या पोरापोरींना उपयोग होईल."

"फक्त पोरापोरींसाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

कार्तिकीने मान खाली घातली. "नाही. मलाही ती नको झालीय. नवऱ्याची शेवटची आठवण, आणि मला ती टाकून द्यायचीय. कशी बाई आहे बघा मी."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "ताई, देण्याआधी हे होतं कसं ते समजून घ्या. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपण काही आठवतो तेव्हा मेंदूतली ती जुळणी सुटते, सैल होते आणि काही वेळाने पुन्हा घट्ट बसते. दर वेळी नव्याने. मधल्या त्या वेळाला आम्ही सैलकाळ म्हणतो. सैलकाळात टोपीतली जाळी ती जुळणी वाचते आणि आमचं औषध तिला पुन्हा बसू देत नाही. वाचायची तर सैल राहायला हवी, आणि इतका वेळ सैल राहिलेली जुळणी परत बसत नाही. म्हणून नक्कल ठेवता येत नाही."

"ते ठाऊक आहे मला. गेलेलंच बरं."

"पुढचं ऐका. काय घडलं ते मेंदू एका ठिकाणी ठेवतो. त्याने मनाला जे झालं, भीती, दुःख, अपराधीपणा, ते दुसऱ्या ठिकाणी. आमचं औषध पहिल्या ठिकाणी पोचतं, दुसऱ्या ठिकाणी नाही. आठवण जाते. टोचणी राहते."

कार्तिकीला हर्षलचे कापणारे हात आठवले. "म्हणजे भाऊजी..."

"हर्षल एकटे नाहीत." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "आम्हाला वाटलं होतं, मूळ आठवण गेली की भावना आपोआप सुकून जाईल. झालं उलटं. माणूस दुःख आठवून आठवूनच झिजवतो. जुळणी सुटते, बसते, आणि दर वेळी तिची धार थोडी कमी होते. आठवणच नसेल तर झिजवायचं काय? टोचणी आहे तशीच राहते, वर्षानुवर्षं. हे कळलं तोवर हजारो लोकांनी दान केलं होतं. मी हे लिहिलं, सभांमधून सांगितलं. पण लोकांना गेलेली माणसं परत भेटत होती. कोण ऐकणार? आणि खरं सांगू? मीही फार मोठ्याने सांगितलं नाही."

"आणि माझ्याकडे ती दुपार राहिली तर?"

"पाच वर्षं, दहा वर्षं लागतील. पण एके दिवशी तुम्ही स्वतःला सांगू शकाल, की ती घरघर वाटली त्यात तुमचा दोष नव्हता. तेव्हा माफ करायला तुमच्यासमोर काहीतरी असेल."

कार्तिकी गावी परतली. चार दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी नवी तुकडी नाळेच्या तोंडाशी सराव करताना तिला दिसायची. नभा दोराला लोंबकळत हसायची, खालच्या पोरांना नावं ठेवायची. तिच्या आईने डबा घेऊन वर येताना एकदा कार्तिकीला हात केला. त्या रात्री कार्तिकीने ठरवलं. पोरापोरींसाठी द्यायचं हे खरंच होतं. पण त्याच्या आड दुसरी आशाही लपली होती, की डॉक्टर चुकत असतील आणि आपली टोचणी कदाचित जाईल. ती आशा तिला कळत होती आणि तिची लाजही वाटत होती.

दान एका सकाळी झालं. टोपी डोक्यावर चढली. कार्तिकीने डोळे मिटून ती दुपार शेवटची आठवली, सुयशचा आवाज, मागचा घुमता सूर, आणि आपले शब्द, तिथंच थांब. मग डोळे उघडले तर खोलीत ऊन आलं होतं, आणि ती कशाबद्दल रडत होती ते तिला समजेना.

सुयश तिला आठवत होता. लग्न आठवत होतं, त्याची भांडणं, त्याचं मोठ्याने घोरणं. ती वायरलेससमोर जाऊन बसली इथपर्यंत आठवत होतं. त्यानंतर थेट रात्री घराच्या दारात उभी असलेली माणसं. मध्ये काही नव्हतं. मात्र छातीत काहीतरी रुतलेलं होतं, आणि ते कालपेक्षा कमी झालेलं नव्हतं.

आठवड्याने ती स्वतः स्मरणघरात जाऊन बसली. दान केलेलं परत पाहता येतं, पण देणाऱ्याचा मेंदू ते पुन्हा आपलं म्हणून घेत नाही. तिला एक बाई दिसली. ती नियमाप्रमाणे बोलली. मागचा आवाज तिला घरघर वाटला. कार्तिकीला त्या बाईची दया आली. बिचारीचा काय दोष, असं तिला मनापासून वाटलं. त्या बाईला तिने तिथल्या तिथे माफ केलं. बाहेर आली तेव्हा छातीतलं जिथल्या तिथे होतं. ते त्या बाईचं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी हर्षल आला. त्याने तोच प्रश्न विचारला.

"तुम्ही काही केलं नव्हतं, भाऊजी."

"तुम्हाला आठवतंय ना?"

कार्तिकीला खोटं बोलता आलं नाही. "आता नाही. पण मी तुम्हाला नेहमी तसं सांगायचे, एवढं आठवतंय. म्हणजे तसंच असेल."

"असेल?" हर्षल म्हणाला. तो उठून उभा राहिला, चहा तसाच ठेवून पायऱ्या उतरून गेला. कार्तिकीने त्याला हाक मारली नाही. काय म्हणून मारायची?

श्रावणात पाखरनाळेत एका शाळेची सहल अडकली. नभाची तुकडी खाली उतरली होती. मुलांना एका खडकावर गोळा करून ते दुसऱ्या दोराची वाट पाहत होते. एकाएकी नभाने हात वर केला, ऐकलं आणि ओरडली, "थांबायचं नाही! जशी आहेत तशी उचला!" मुलांना खांद्यावर, काखेत, जमेल तसं घेऊन ते कपारीत चढले. शेवटचा पाय वर आला आणि नाळ पाण्याने भरून गेली. एकही मूल गेलं नाही.

महिन्याभराने पथकाचा स्मरणदिन झाला. दिवंगतांच्या फोटोंसमोर समया लावल्या. या वेळी वाचलेल्या मुलांचे आईबापही आले होते. नभाने सगळ्यांना सांगितलं, "तो आवाज मला कार्तिकीकाकूंनी दिला. सुयशकाकांच्या शेवटच्या दुपारचा." तिचा स्वर अभिमानाचा होता. ती दुपार नभाजवळ जशीच्या तशी होती, शब्दन् शब्द, आणि नभाला तिचा काही त्रास नव्हता.

पाहुण्यांपैकी एकाने शेजाऱ्याला म्हटलं, "किती नम्र माणसं आहेत ही. जरा धक्का लागला तरी हात जोडून माफी मागतात." मागच्या रांगेत बसलेल्या डॉ. परचुरे यांनी ते ऐकलं. समयांच्या उजेडात त्या एकेक चेहरा पाहत होत्या. पथकातल्या या सगळ्या माणसांनी दान केलं होतं.

गर्दीतून एक तरुण बाई पुढे आली. तिच्या कडेवर मुलगी होती. तिने मुलीला खाली ठेवलं आणि कार्तिकीच्या पाया पडायला वाकली.

"तुमच्यामुळे माझी पोर वाचली हो," ती म्हणाली.

कार्तिकीने घाईने तिला उठवलं. उलट तिच्या स्वतःच्याच डोळ्यांना धार लागली. तिने हात जोडले.

"मला माफ करा," ती म्हणाली.

"अहो, कशासाठी?"

कार्तिकीने आठवून पाहिलं. खूप खोलवर जाऊन पाहिलं. "ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही माफ केलं म्हणा."

त्या बाईने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. मग तिने कार्तिकीचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. "केलं," ती म्हणाली. "केलं माफ."

कार्तिकी श्वास धरून थोडा वेळ उभी राहिली. आत काहीही हललं नाही. मग ती बाईला बाजूला करून पुढच्या पाहुण्याकडे वळली, आणि तिने पुन्हा हात जोडले.