दाबा, धरा, सोडा

ती एकदा एक नवस बोलली होती. देवासमोर उभं राहून नाही, इस्पितळाच्या वॉर्डात, दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसून.

एका खाटेवर तिचा नवरा होता, नाकाला नळी लावलेला. दुसऱ्या खाटेवर एक उंच, वाळून गेलेला माणूस. त्याला भेटायला कधीच कोणी यायचं नाही. सलाईनसाठी हाताला लावलेली पांढरी चिकटपट्टी तो नखानं सोलत बसायचा आणि तिचे बारीक तुकडे खाटेच्या दांडीला ओळीनं चिकटवायचा. नर्स ओरडली की हसायचा. नवऱ्याला बोलता येत होतं तोवर दोघांच्या गप्पा गाड्यांच्याच. त्या माणसाचा जन्म म्हणे गाड्यांच्या खाली गेला होता.

"आभाळापेक्षा गाडीचं पोटच जास्त बघितलंय मी, बाई," तो तिला म्हणाला होता. आणि एकदा, पाणी पिऊन झाल्यावर, "तुमचे हे घरी निघाले की मलाही घेऊन चला. गाडी आहे ना तुमची? पडून राहीन कुठंतरी."

"नेऊ की," ती म्हणाली. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

त्या दिवशी संध्याकाळी तिनं डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, ह्यांना घरी येऊ दे. गाडीचं जे जे हे करतात ते सगळं मी माझ्या हातानं करीन, एकही गोष्ट चुकवणार नाही. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून खोकला आला, कोरडा, खरवडल्यासारखा. तिला वाईट वाटलं. तिनं पुढे जोडलं, आणि ह्या शेजारच्यांनाही येऊ दे. त्यांचं कोणी नाही.

दोघंही आले नाहीत. नवरा सकाळी गेला, शेजारचा त्याच दुपारी. दोन्ही खाटांच्या चादरी एकाच गठ्ठ्यात बांधून नेल्या, तेवढं तिला नीट आठवतं. रडू आलं नाही. पाय दुमडून फार वेळ बसलं की तो बधिर होतो, हात लावला तर दुसऱ्याच कोणाचा वाटतो, तसं तिचं अख्खं अंग झालं होतं. भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त बघून तिला कळायचं.

नवस मात्र तिनं फेडायला घेतला.

"अगं, नवस पावल्यावर फेडतात," नणंद म्हणाली. नवऱ्याची ही थोरली बहीण, जिभेनं तिखट आणि मनानं लोणी. भाचीचं बाळंतपण जवळ आलं म्हणून राहायला आली होती. "तुझ्या देवानं दारसुद्धा उघडलं नाही, आणि तू त्याचे आभार मानत बसलीस."

"बोलले ते बोलले, ताई. त्यानं ऐकलं की नाही, ते त्याचं त्याच्यापाशी."

"धन्य आहे. हात बघ ते! पोळ्यांना डिझेलचा वास येतोय."

"पेट्रोलवर चालते आपली गाडी."

"मग ठीक आहे," नणंद म्हणाली. "मग खाते."

नवऱ्याचं एक जाड पुस्तक होतं, गाडीची देखभाल घरच्या घरी कशी करायची त्याचं. मागं एक तक्ता होता: किती किलोमीटरला काय बदलायचं, किती महिन्यांनी काय तपासायचं. ती तो तक्ता ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, प्रार्थना वाचावी तसा. इंजिन ऑइल बदललं तेव्हा ते कोपरापर्यंत ओघळलं. एअर फिल्टर झटकताना ठसका लागला. पण एकेक ओळ होत गेली. चित्रात दाखवलंय तसा नट दिसला की हात आपोआप चालायचे. मनाला काही वाटत नसलं तरी हातांना काम कळतं, एवढं तिला त्या दिवसांत उमगलं.

मग ब्रेक मऊ लागायला लागला. पेडल दाबलं की ओल्या उशीत पाय जावा तसा आत जायचा. तक्त्यात पाहिलं तर ब्रेक ऑइल बदलायची मुदत कधीच टळून गेली होती. घर टेकाडावर, इस्पितळ खाली, मध्ये लांबच लांब उतार आणि शेवटी वळण. मुलीचे दिवस भरत आलेले, जावई बोटीवर, समुद्रात कुठंतरी. कोणत्याही घटकेला ह्याच गाडीतून तिला खाली न्यायचं होतं. हे काम थांबण्यासारखं नव्हतं.

पुस्तकात त्या पानावर ठळक अक्षरांत होतं: हे काम दोघांनी करावं.

ते तिला पुस्तकाशिवायही ठाऊक होतं. नवरा खाली चाकापाशी आडवा आणि ती वर सीटवर, असं त्यांनी कितीदा केलं होतं. तो खालून म्हणायचा, "दाब." ती पेडल दाबायची. "धर." ती दाबून धरायची. मग तो चाकाच्या आतला बारीकसा नट सैल करायचा, जुनं ऑइल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत यायचे, तो नट पुन्हा आवळायचा, आणि तेव्हाच म्हणायचा, "सोड." त्याआधी पाय उचलला तर हवा आत शिरते, केलेलं सगळं फुकट. "मी सोड म्हटल्याशिवाय जगबुडी आली तरी पाय हलवायचा नाही," तो बजावायचा. तिचा आवाज बारीक, खाली ऐकू जायचा नाही. म्हणून त्यानं तिला दाराच्या पत्र्यावर टकटक करायला शिकवलं होतं. टकटक म्हणजे धरलंय.

दुपार होती. गॅरेजचं शटर तिनं अर्धं ओढून घेतलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून. गाडीचं तोंड रस्त्याकडे, पाठ भिंतीकडे. मागचं एक चाक काढून तिनं गाडी लोखंडी घोडीवर टेकवली, बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरली, नळी बाटलीत सोडली. नणंद सीटवर बसली, पदर खोचून.

"गाडी चालू नाही ना होणार गं?"

"नाही ताई. मी सांगीन तसं फक्त पायानं करायचं."

"आयुष्यभर मी भावाला नाचवलं, आता भावजय मला नाचवते."

ती खाली आडवी झाली. खाली गार होतं. जाळीतल्या दिव्याचा उजेड चाकापुरताच, पलीकडे काळोख. पलीकडच्या चाकापाशी जुनी ताडपत्री गुंडाळून ठेवलेली असावी तसं काहीतरी लांबट पडलं होतं. ऑइलचा वास होता, आणि त्याच्या आड आणखी एक, स्पिरिटसारखा, फरशी पुसायच्या औषधासारखा. नव्या बाटलीचा असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

"दाबा."

मागची भिंत लाल झाली. ब्रेकचे दिवे लागले होते.

"धरा."

टकटक.

तिनं नट सैल केला. काळपट ऑइल नळीतून आलं, बुडबुडे घेऊन. तिनं आवळलं. "सोडा." भिंत विझली. "दाबा." भिंत लाल. "धरा." टकटक. किती छान जमलं होतं! एकदाही घाई नाही, एकदाही पाय घसरला नाही. बुडबुडे कमी होत गेले, ऑइल मधासारखं स्वच्छ यायला लागलं. ताई कशा गप्प आहेत, एवढं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या गप्प असणं इतकं सुखाचं होतं की तिनं विचारलं नाही.

"दाबा... धरा."

टकटक.

तिनं नट पुन्हा आवळला. तोंडातून पुढचा शब्द निघणार, तेवढ्यात नणंदेची हाक आली. वरून. माडीच्या खिडकीतून.

"अगं ए! ऐकू येत नाही का? केव्हाची हाका मारते! हिला कळा सुरू झाल्या!"

ती तशीच पडून राहिली. पाना हातात. भिंत लाल होती.

"ताई..." शटरखालून डोकं बाहेर काढून तिनं ओरडून विचारलं, "तुम्ही... गाडीत नाही?"

"गाडीत कुठली! तू खाली शिरलीस आणि ही ओरडली, तशी धावत वर आले. तुला सांगून आले ना! चल ऊठ, पाणी गेलंय तिचं!"

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. सगळं दुसऱ्या कोणाला तरी होत असावं, तसं तिनं ते बघितलं. मग हातांना काम कळलं. नळी काढली, चाक बसवलं, बोल्ट आवळले, गाडी खाली उतरवली. दाराच्या काचेतून तिनं आत बघितलं नाही. रुग्णवाहिकेला फोन केला तर ते म्हणाले, वेळ लागेल. नणंदेनं मुलीला धरून खाली आणलं, दोघी मागं बसल्या. तिनं शटर वर ढकललं, सीटवर बसली, किल्ली फिरवली. इंजिन लागलं. गिअर टाकला.

गाडी हलली नाही. गुरगुरली, थरथरली आणि बंद पडली. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

आरशात मागची भिंत दिसत होती. लाल.

तिनं उजवा पाय पुढे नेला आणि ब्रेकचं पेडल चाचपलं. ते वर नव्हतंच. पार खाली, तळाला टेकलेलं होतं. कोणीतरी सगळा जीव लावून दाबून धरावं तसं.

मी म्हटल्याशिवाय पाय हलवायचा नाही.

"अगं चल ना! काय बघत बसलीस?" नणंद मागून ओरडली. मुलीनं सीटची पाठ मुठीत घट्ट धरली होती. "आई... लवकर..."

तिच्या लक्षात आलं. घरी येऊ दे, असं तिनं मागितलं होतं. आले होते. उशिरा का होईना, आले होते, आणि इथं, तिच्या पावलाखाली होते. ती गप्प राहिली असती तर ते हलले नसते. आज नाही, उद्या नाही, वर्षानुवर्षं नाही. रोज दुपारी खाली येऊन तिनं भिंत बघितली असती. तिच्या ओठांवर तो एक शब्द होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता.

मुलगी कण्हली. लहानपणी ताप आला की कण्हायची तशी.

"अहो," ती हळूच म्हणाली. "झालं. नट घट्ट केलाय मी. आता... सोडा."

क्षणभर काहीच नाही. मग पेडल वर यायला लागलं. सावकाश, फार वेळ अवघडलेला पाय उचलावा तसं, तिच्या तळव्याला लागून वर आलं आणि थांबलं. कित्येक महिन्यांत तिच्या अंगाला जाणवलेली ती पहिली गोष्ट. आरशातली भिंत काळी झाली.

गाडी पुढे सरकली. सरकता सरकता पायाखालच्या पत्र्यावर, बाहेरून, खालच्या बाजूनं वाजलं. टकटक.

खडा उडाला असेल, असं ती स्वतःला म्हणाली.

उतारावर ब्रेक दगडासारखा लागला. वळणावर समोरून ट्रक आला, तेव्हा गाडी जिथल्या तिथं उभी राहिली. संध्याकाळी नातू झाला. त्याला हातात घेतलं तेव्हाही तिला रडू आलं नाही. पण तिनं त्याचा तळवा आपल्या गालाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. नणंद मात्र दोघींच्या वाटचं रडली आणि वर म्हणाली, "नाक बापावर गेलंय, बिचाऱ्याचं."

काही दिवसांनी टायर बदलायला ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेली. त्यानं गाडी वर उचलली, खाली वाकून एकेका चाकाच्या आत बॅटरी मारली.

"ब्रेक ऑइल घरीच बदललंत? चारही चाकांचं?"

"एकाचंच झालं होतं. तेवढ्यात निघावं लागलं."

"छे. चारही नवंकोरं आहे. बुडबुडा नाही कुठं. जुन्या हाताचं काम दिसतंय." तो हसला. "पेडलवर कोण बसलं होतं?"

"घरचंच माणूस."

"आणि खाली?"

तिनं पर्स उघडून टायरचे पैसे मोजायला घेतले.

"आणि हे बरं सुचलं तुम्हाला," तो म्हणाला. "नटांवरच्या रबरी टोप्या हरवल्यात, तर धूळ बसू नये म्हणून ही पट्टी."

तिनं वाकून बघितलं. चारही नटांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे गुंडाळलेले होते. नखानं सोललेले, ओळीनं चिकटवलेले. त्यांना स्पिरिटचा वास येत होता.

नवऱ्याला तिनं सोडा म्हटलं, ते गेले. पेडल आता पेडलासारखंच आहे. पण दुसऱ्याला काय म्हणून हाक मारायची, ते तिला माहीत नाही. वॉर्डात इतके दिवस शेजारी बसून तिनं त्याला पाणी दिलं, नाव विचारलं नाही. नाव घेतल्याशिवाय जा तरी कोणाला म्हणणार? आणि घेऊन जाऊ असा शब्द तर तिनंच दिला होता. गाडीची तक्रार नसते हल्ली कसलीच. तक्त्यातली पुढची ओळ करायला ती पुस्तक घेऊन खाली जाते, तेव्हा ती झालेली असते, आणि पाना चाकापाशी पडलेला असतो. उचलला तर कोमट लागतो.

म्हणून मी म्हणते, तुम्हीही नवस बोला. पावो न पावो, फेडा; देवाच्या घरी उशीर असतो, आणि कधी कधी दार उघडतं ते आपण पाठ वळवल्यावर. मागाल तेव्हा ज्याला कोणी नाही अशा एखाद्यासाठीही मागा. फक्त मागण्याआधी त्याचं नाव विचारून घ्या.

आणि गाडी काढण्याआधी, तिच्यासारखं, जरा खाली वाकून म्हणत जा, "दादा, जरा बाजूला व्हा." ती रोज म्हणते. मग थांबते. पत्र्यावर टकटक झालं की मगच गिअर टाकते.